नानांचा गप्प पूल

दगडूनाना सुतार कुठल्याही लाकडाला आधी कान लावायचे. चाकणच्या ज्या शेडमध्ये मी कंपन्यांच्या मशीनसाठी लाकडी पेट्या ठोकते, तिथे ते जुन्या तुळया मागायला आले, तेव्हा माझ्या नव्याकोऱ्या पेटीवर गुडघा दाबून त्यांनी कान टेकवला. पेटी करकरली. म्हणाले, "बोलतीया. खिळ्याचा सांधा बोलनारच. चांगला सांधा गप ऱ्हातो, पोरी."

त्यांना गावच्या ओढ्यावर पूल बांधायचा होता. सगळा लाकडाचा, वर छप्पर. ओढ्याच्या अलीकडे आम्हा बाहेरगावच्यांच्या खोल्या, पलीकडे शाळा. माझी मुलगी रोज पाण्याच्या जाड पाइपावरून तोल सांभाळत जायची. मी परभणीकडची, आठवीतून शाळा सुटलेली. इथे काही चुकलं की हाकलून देतील, ही धास्ती कायम. तरी सुट्टीच्या दिवशी नानांच्या हाताखाली जाऊ लागले.

गावातली पोरं चिडवायची, "नाना, पूल हाय का मांडव?"

"तुजं लगीन ठरंना, म्हून तुला समदीकडं मांडवच दिसतोय," नाना रंधा न थांबवता म्हणायचे. मग मला हळूच, "लाकूड भिजून मरतं. म्हून त्याला घर बांदायचं."

पुलात खिळा नव्हताच. बाभळीच्या खुंट्या नानांनी चुलीवरच्या फळीवर महिनाभर वाळवल्या होत्या. त्या ठोकायचं काम माझ्याकडे आलं आणि मी शहाणपणा करून आदल्या संध्याकाळी सगळ्या बादलीत भिजत घातल्या. तीसेक ठोकून झाल्यावर नानांनी एक हातात घेतली.

"भिजवाया कुनी सांगितलं?"

मी हातोडा खाली ठेवला. "नाना, आमच्याकडं कुऱ्हाडीचा दांडा ढिला झाला की भिजवतेत. घट्ट बसतो."

नाना हसत सुटले. "अगं, कुऱ्हाड रोज बादलीत घालशील. पूल घालशील का?" मग गंभीर झाले. "वाळलेली ठोकली की आत फुगून बसती. भिजलेली आत वाळती, मंग ढिली. समद्या काढ."

हाकललं नाही. दोन सुट्ट्या मी त्या खुंट्या काढल्या, आणि वाळलेल्या ठोकल्या.

पूल झाला, त्या दिवशी सरपंच नारळ घेऊन उभे. नाना म्हणाले, "आधी वजन, मंग नारळ." भरलेल्या कॅनचा दुधाचा टेम्पो पहिल्यांदा पुलावरून जाणार होता, आणि तेव्हा बांधणाऱ्याने पुलाखाली बसायचं, ही नानांच्या घराण्याची रीत. उतरता उतरता ते वळले. "तूबी चल. खुंट्या तुज्या हायत."

काठावर माझी मुलगी डोळे मिटून उभी होती. टेम्पो आमच्या डोक्यावर आला. इंजिनाची घरघर, कॅनचा खणखणाट. सांध्यांतून मात्र चकार शब्द नाही.

"काय ऐकलंस?"

"काहीच नाही, नाना."

"मंग झालं की!" म्हणून त्यांनी अशी आरोळी ठोकली, की काठावरची पोरं पुलाच्या छपराखालून पलीकडे धावतच सुटली. माझी लेक सगळ्यांत पुढे. सरपंचांच्या हातातला नारळ नानांनी काढून माझ्या हातात दिला. "फोड. खाली बसली व्हती ही."

नाना मागल्या वर्षी गेले. सुट्टीच्या दिवशी मी अजून पुलाखाली उतरते, तुळईला कान लावते. वरून पोरं धडधडत जातात. पूल गप्प असतो.