जानेवारीतले उन्हाळी टायर

बर्फ पडायला लागला की लोक खिडकीशी जातात, मी फावडं शोधतो. घरासमोरचा फुटपाथ कुणाचं पाऊल पडायच्या आत मोकळा झाला पाहिजे, असा माझा हट्ट असतो. बायको म्हणते, रिटायर झालास तरी ड्यूटी सुटली नाही. ही सवय मला एका केसने लावली, आणि ती केस काही केल्या डोक्यातून जात नाही.

न्यू जर्सीत, पिस्कॅटवेपासून वीस मिनिटांवरच्या एका गावात मी पोलिसात होतो. शेवटची बारा वर्षं डिटेक्टिव्ह. आमच्या मंडळींत मुलं डॉक्टर होतात, नाहीतर इंजिनिअर. मुलगा पोलिसात गेला हे सांगताना माझी आई आवाज खाली घ्यायची. या हकिकतीत मी कुणाचंच नाव घेणार नाही.

जानेवारीतली दुपार होती. दोन दिवस पडून थांबलेला बर्फ पुन्हा भुरभुरायला लागला होता. अमरावतीचे एक निवृत्त शिक्षक लेकीकडे सहा महिन्यांसाठी आले होते. ते रोजच्यासारखे चारला फिरायला निघाले. फुटपाथ कुणी साफ केला नव्हता, म्हणून रस्त्याच्या कडेने चालत होते. पाच वाजून गेल्यावर रस्त्यावरचा बर्फ ओढून कडेला लावणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरला ते ढिगाऱ्यालगत पडलेले दिसले. तोवर सगळं संपलं होतं.

जागेवर पोचल्यावर दोन गोष्टी मी वहीत लिहिल्या. पहिली, ते डाव्या कुशीवर होते, वरचा गुडघा दुमडलेला, कानटोपी काढून डोक्याखाली नीट ठेवलेली. गाडीने उडवलेला माणूस असा पडत नाही. त्यांना कुणीतरी असं निजवलं होतं. दुसरी, बर्फातले टायरचे ठसे. नक्षी हिवाळी टायरची, पुढचे टायर अरुंद आणि मागचे चांगले रुंद. घरगुती गाडीला असे टायर नसतात. ही स्पोर्ट्स कार होती. आम्ही ठशांचे साचे घेतले.

आता जानेवारीत स्पोर्ट्स कार कोण काढतो? आमच्याकडे लोक अशा गाड्यांना नोव्हेंबरात पांघरूण घालतात, ते एप्रिलपर्यंत काढत नाहीत. भर बर्फात ती चालवणारा एकच माणूस मला माहीत होता. गावातले जुने हृदयरोगतज्ज्ञ, सगळ्यांचे डॉक्टरकाका. दर नोव्हेंबरात हिवाळी टायर चढवायचे आणि दिवाळीच्या कार्यक्रमात ऐकेल त्याला सांगायचे, "घोडा काय तबेल्यात बांधून ठेवायला घेतात?" माझ्या आईचं शेवटचं आजारपण त्यांनीच सांभाळलं होतं. त्यांचं नाव मनात आलं आणि मला स्वतःचाच राग आला.

ओळख आहे हे मी कॅप्टनला सांगितलं. तो म्हणाला, लांब राहायचं असेल तर आत्ताच सांग. मी म्हणालो, नुसतं विचारून येतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेलो तर डॉक्टरांच्या गॅरेजमध्ये गाडी पांघरुणाखाली होती, बॅटरीला चार्जरची वायर लावलेली. त्यांनी पांघरुणाचा मागचा कोपरा उचलून दाखवला. "हे बघ, उन्हाळी टायर. थंडीत हे दगडासारखे होतात. यंदा बाहेर काढलीच नाही रे, आता वय झालं." आत काकूंनी चहा टाकला होता. पांघरूण पूर्ण काढा, असं म्हणायला हवं होतं. संकोच आडवा आला. चहा घेतला आणि सुटल्यासारखा बाहेर पडलो. टायरबद्दल मी त्यांना काही विचारलंच नव्हतं, हे मला घरी गेल्यावर उमगलं. तरीही मी ते मनातल्या मनात दाबून टाकलं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी जबाबासाठी शिक्षकांच्या मुलीकडे गेलो. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, म्हणून ओळखीच्या लोकांनी पिठलं-भाताचे डबे आणून दिले होते. ती म्हणाली, "दादा, डॉक्टरकाका सकाळी येऊन गेले. बाबा इन्स्टंटली गेले, त्यांना काही कळलंसुद्धा नसेल, असं म्हणाले. मी तेवढ्यावरच उभी आहे हो."

शवविच्छेदनाचा अहवाल माझ्या खिशात होता. धडकेनंतर शिक्षक अर्धा-पाऊण तास जिवंत होते. वेळेवर दवाखान्यात नेलं असतं तर कदाचित वाचले असते. मी तिला काहीच बोललो नाही. जबाबावर सही घेतली आणि निघालो.

दोन आठवडे असेच गेले. मग शेजारच्या गावातल्या टायरवाल्याचा फोन आला. आम्ही सगळ्या दुकानांना सूचना पाठवली होती. तो म्हणाला, एका वयस्कर गृहस्थाने जानेवारीत हिवाळी टायर उतरवून उन्हाळी टायर चढवून घेतले. गाडी ट्रकवर घालून घरी नेली. पुढचा दिवा फुटला होता. विचारलं तर म्हणाले, हरीण आडवं आलं. वीस वर्षांत असं गिऱ्हाईक पाहिलं नाही. उतरवलेल्या टायरचं काय केलं, असं मी विचारलं. तो म्हणाला, "टाकून देतो म्हटलं तर नाही म्हणाले. घरी घेऊन गेले."

वॉरंट घेऊन आम्ही डॉक्टरांच्या तळघरात उतरलो. तांदळाच्या पोत्यांशेजारी चारही टायर जुन्या सुती साड्यांत गुंडाळून ठेवलेले होते. त्यातल्या एकाच्या नक्षीत एक चीर होती. तीच चीर आमच्या साच्यात होती. एवढी महागडी गाडी बाळगणारा माणूस, पण चांगले टायर टाकून देणं काही त्याच्याने झालं नाही. आपल्याकडे श्रीखंडाचे रिकामे डबेसुद्धा कुणी टाकत नाही.

चौकशीच्या खोलीत कॅप्टनच्या हुकमावरून माझ्यासोबत दुसरा अधिकारीही बसला होता. मी डॉक्टरांना त्यांचे हक्क वाचून दाखवले, वकील बोलावता येईल हेही सांगितलं. ते म्हणाले, "वकील कशाला? तू आपल्यातला आहेस. मराठीत बोलू ना."

"बोला. कॅमेरा चालू आहे, त्याचं भाषांतर होईल," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना काका म्हटलं नाही. साडीत गुंडाळलेल्या टायरचा फोटो पुढे सरकवला. "डॉक्टर, हे टाकून का नाही दिलेत?"

फोटोकडे बघत ते सहज बोलून गेले, "अजून दोन सीझन चालले असते." मग आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी फोटो उलटा करून ठेवला.  

"वळणावर घसरली रे," ते शेवटी म्हणाले. "टायर चांगले आहेत म्हणून मी नेहमीच्याच स्पीडने घेतलं. ते दिसले तेव्हा उशीर झाला होता."

"कुशीवर तुम्ही वळवलंत?"

"हो. श्वास मोकळा व्हावा म्हणून."

"म्हणजे श्वास चालू होता."

त्यांनी मान हलवली.

"नाडी?"

"लागत होती."

"फोन कुठे होता?"

"खिशात." त्यांचे हात टेबलावर पडले होते. "मला वाटलं, मागून कुणीतरी येईलच."

मागून कुणी आलं ते अर्ध्या तासाहून जास्त वेळाने. तो बर्फ ओढणारा ड्रायव्हर होता.

डॉक्टरांनी कोर्टात गुन्हा कबूल केला आणि तुरुंगात गेले. नोकरीत मी खुनी पाहिले, बायकोला मारणारे पाहिले. त्यांतल्या बऱ्याच जणांना त्या क्षणी आपण काय करतोय याचं भान नसतं. या माणसाला सगळं कळत होतं. शिकलेल्या हातांनी आपलं काम चोख केलं, डोक्याखाली टोपीसुद्धा ठेवली, आणि मग तेच हात स्टिअरिंगवर गेले. मला त्यांचा आजही राग येतो. पण कळूनही टाळणं त्यांच्यासारखंच मलाही जमलं होतं. भिडेखातर मी एक पांघरूण उचललं नाही, आणि एका लेकीला तिच्या बापाबद्दल खोट्यावर जगू दिलं. ओळखीच्या दारात चहा घ्यायचा नाही, हा नियम मी तेव्हापासून पाळला.

अटकेच्या दिवशी तिला सांगायला मीच गेलो. तेरावा होऊन गेला होता. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "किती वेळ?"

"अर्धा-पाऊण तास."

"त्या वेळात मी त्यांच्या चहाचं आधण दोनदा ठेवलं. उशीर करतात म्हणून चिडले होते." मग ती ओट्याकडे बघत राहिली. तिथे स्टीलचा एक डबा घासून ठेवला होता. "दोन दिवस पोटात काही नव्हतं, दादा. पहिल्यांदा जेवले ते डॉक्टरांनी आणलेलं पिठलं."

डबा रिकामा परत करू नये, म्हणून तिने त्यात साखर घालून ठेवली होती. झाकण उघडून तिने ती साखर सिंकमध्ये ओतली आणि नळ सोडला.

"पुरावा म्हणून हवाय का हा?"

"नको."

"तरी घेऊन जा. माझ्या घरात नको."

तो डबा माझ्या गॅरेजमध्ये आहे. बर्फ वितळावा म्हणून फुटपाथवर टाकायचं मीठ मी त्यात ठेवतो. आता त्याला गंज चढलाय, पण तो बदलावा असं कधी मनात आलं नाही.