साखळीवाल्याची हाक

जमीन मोजताना साखळीचे पुढचे टोक धरणारा माणूस आकडा वाचतो, तो स्वतःसाठी नव्हे. तो दोन-तीन शेते मागे, फळीवर कागद ताणून बसलेल्या मोजणीदाराला ऐकू जावा लागतो. मध्ये वारा असतो, ओढा असतो, ज्याची जमीन मोजली जात आहे त्याची कुरकुर असते. म्हणून प्रत्येक अंक सुटा करायचा आणि शेवटचा लांबवून सोडायचा. मोजणीदार तोच आकडा मोठ्याने परत म्हणतो. तो परत आला म्हणजे कागदावर चढला; मग साखळी उचलायची. कोंडाजी तांबे याने उभी हयात हे काम केले, आणि त्याच्या आवाजाला त्या कामाचे वळण कायमचे पडले. घरात मीठ मागतानासुद्धा तो शेवटचे अक्षर लांबवी.

तो मूळचा पोलादपुराकडच्या कापड्याचा. कशेडीचा रस्ता रुंद होताना त्याने साखळी ओढली, आणि नोकरीच्या अखेरच्या वर्षांत महाडच्या बाजूला कारखान्यांसाठी जमिनी घेतल्या गेल्या तेव्हाही त्याने ती ओढली. निर्णय दुसरीकडे होत, कागद दुसरे लोक करीत. पण ज्याचे शेत जाई त्याला दिसलेला माणूस कोंडाजी असे आणि ऐकू आलेला आवाज त्याचा. एका म्हाताऱ्याने त्याला विचारले होते, "तू वराडलास आणि माजं शेत ग्येलं. न वराडतास तर?" कोंडाजीने पुढचा आकडा पुकारला. सेवानिवृत्त झाला तेव्हा बायको वारली होती, मूलबाळ नव्हते. सावित्रीच्या काठी तुडीलला धाकटी बहीण सोनाबाई होती, तीही एकटी. तिने त्याला बोलावून घेतले.

सोनाबाईचे शेत खाडीला लागून होते. बौद्धवाडीतल्या माणसांनी मागच्या पिढीत खाजणाला, म्हणजे भरतीला पाण्याखाली जाणाऱ्या दलदलीला, मातीचा बांध घालून खारे पाणी बाहेर ठेवले आणि आत, मध्ये आडबांध घालून, घराघरांच्या भाताच्या पट्ट्या केल्या. बाहेरचा बांध सगळ्यांचा मिळून एक. त्याची राखणही सगळ्यांची. खेकडे बिळे पाडतात, बिळाची खांड, म्हणजे भगदाड, होते, आणि खांड वेळेत बुजवली नाही तर अमावास्येच्या उधाणात खाडी आत येते. एकदा मीठ शिरले की दोन-तीन पावसाळे शेत भात देत नाही. त्यामुळे खांड कुणाच्याही हद्दीत पडो, प्रत्येक घरातून एक माणूस टोपली घेऊन येई. न येणे म्हणजे त्या घराशी संबंध तोडणे, असा त्याचा अर्थ होता.

कुरव, म्हणजे हिवाळ्यात खाडीवर उतरणारे पांढरे समुद्रपक्षी, कोंडाजीच्या आयुष्यात मुरादमुळे आले. मुराद खाडीत जाळे टाकी. एका हिवाळ्यात त्याच्या जाळ्यात कुरव अडकून मेला, आणि त्याच्या पायात धातूचे कडे निघाले. त्यावर परक्या लिपीतली अक्षरे होती, खाली नंबर होता. "बघा, साखळीवाले," मुराद म्हणाला, "तुमच्या खात्यानं आता पाखरंपन मोजायला घेतली." कोंडाजीने ते कडे शाळेच्या मास्तरांकडून मुंबईच्या पक्षी अभ्यासणाऱ्या एका मंडळाला पाठवले. मंडळाचे दोघे येऊन गेले. पक्षी कोणत्या देशातून येतात, कोणत्या काठावर थांबतात, हे या नंबरांवरून कळते, असे त्यांनी समजावले. जाताना ते, दिसतील ते नंबर वाचून कळवायला सांगून, एक जुनी दुर्बीण आणि तिची तिपाई कोंडाजीपाशी ठेवून गेले. त्याला नजर होती आणि वाट बघायची सवय होती.

त्या दोन्ही गोष्टी लागत. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलावर कुरव वाऱ्याकडे तोंड करून उभे राहत. त्यातल्या एखाद्याच्याच पायात कडे असे, आणि तेही चिखलाने माखलेले. आज दोन अंक दिसत, तिसरा कडे फिरेल तेव्हा. पण पुरा नंबर जुळला की कोंडाजीला हलके वाटे. आयुष्यात प्रथमच तो असा आकडा वाचत होता, ज्याने कुणाचे काही जात नव्हते.

आणि जुळलेला नंबर तो मोठ्याने म्हणे. ते त्याच्या ध्यानातही येत नसे. बांधावर तिपाई, तिपाईवर दुर्बीण, मागे वाकलेला माणूस, आणि पाण्यावरून लांबत जाणारी ती हाक: "पाच... शून्य... दोन... साऽऽत!"

बांधाच्या आत वालाचे वाफे खुरपणाऱ्या बायकांचे हात थांबत. त्यांच्यातल्या सुंदराबाईचे माहेर महाडच्या बाजूचे; तिच्या भावाची जमीन कारखान्यात गेली होती. ती हाक तिने आधी ऐकली होती. ती एवढेच म्हणाली, "गो बायांनो, ह्यो मोजतोय."

एवढ्यावर काम झाले. पाणवठ्यावर गेलेल्या सोनाबाईला बोलणी अर्ध्यात तुटलेली आढळू लागली. कुणी भांडले नाही. मुले मात्र कोंडाजी दिसला की आपापल्या अंगणात उभी राहून ओरडत, "सात नंबर ग्येला! आठ नंबर ग्येला!" आणि आत पळत. कोंडाजी हसे. त्याला तो खेळ वाटला.

एका संध्याकाळी वाडीचा पंच भिकाजी ओटीवर येऊन बसला. जयभीम झाला, चहा झाला.

"कोंडाजी, एक इचारू? राग नाय ना?"

"इचारा की तात्या."

"कोन्चा कारखाना?"

कोंडाजीला कळेना. भिकाजीने कपबशी बाजूला सारली. "नंबर पुकारतोस. सर्वे नंबर कोनाचे तेवडं सांग. आमी काय तुला धरून मारतोय काय?"

"अहो तात्या, पाखरांचे नंबर ते! पायात कडं असतंय."

"पाखरांचे," भिकाजी म्हणाला आणि सोनाबाईकडे वळला. "बाय, तुज्या दादाला सेवेतनं कमी क्येलंय ना? का तसं सांगाय सांगितलंय?"

सोनाबाईने आधी कोंडाजीकडे बघितले. मग रिकामी कपबशी उचलून ती आत विसळायला गेली. तिलाही खात्री नव्हती, हे त्याला तेव्हा समजले.

माणसाने डोळ्यांनी बघितले की संशय फिटतो, असे त्याला वाटले. मोजणीत वाद झाला की तो मालकालाच साखळीवर वाकवून आकडा दाखवी. दुसऱ्या दिवशी ओहोटीला त्याने भिकाजीला, सुंदराबाईला आणि आणखी चार-सहा जणांना बांधावर नेले. कडेवाला एक कुरव नेमका जवळ उभा होता. कोंडाजीने दुर्बीण लावून दिली. भिकाजी वाकला, एक डोळा मिटून बराच वेळ बघत राहिला.

"हाय," तो म्हणाला. "नंबर हाय. वर शिक्कापन हाय."

"मग! मी काय म्हनत होतो?"

भिकाजी सरळ झाला. त्याचा चेहरा उतरला होता. "म्हंजे खरंच हाय. आमाला वाटलं होतं, तू खोटं बोलतोस."

"खोटं कशाला बोलू?"

"आरं, सरकार फुकाट पाखराला नंबर घालील? पाखरू कुटं बसतंय, किती दिस बसतंय, त्ये बघून जागा धरत आसतील. दगड रोवला तर आमी उपटतो, म्हून उडता दगड काडलाय." तो इतरांकडे वळला. "आनि बसतंय कुटं, तर सोनाबाईच्या बांधाम्होरं."

सुंदराबाईने दुर्बिणीला डोळा लावलाच नाही. "चला गो," ती म्हणाली. त्याच क्षणी कुरव सगळे मिळून, आवाज न करता उठले आणि पाण्यावरून खाली निघून गेले. बांधावरच्या माणसांनी ते बघितले आणि कोंडाजीकडे बघितले, जणू त्यानेच त्यांना जा म्हटले होते.

त्या पंधरवड्यात सोनाबाईच्या हद्दीत खांड पडली. आधी बिळातून पाणी पाझरले, मग बोटभर धार लागली, मग माती आतून ढासळू लागली. तिने वाडीत निरोप फिरवला. सकाळी ती आणि कोंडाजी टोपल्या घेऊन बांधावर उभी राहिली. कुणीही आले नाही. अमावास्या तोंडावर होती.

दोघांनी मिळून चिखल टाकला. भरती आली आणि टाकलेला चिखल घेऊन गेली. सोनाबाई खांडीच्या कडेला बसली. "दादा," ती म्हणाली, "माजं एवडंच शेत. मी तुला कदी काय मागितलं नाय."

"सांग."

"त्यो नंबर पुकारनं बंद कर. खरं हाय का खोटं, मी इचारत नाय."

त्याने तिपाई मिटवली, दुर्बीण फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकली, आणि भिकाजीच्या अंगणात जाऊन सगळ्यांसमक्ष सांगितले की आता तो बांधावर वाचायला उभा राहणार नाही. भिकाजीने मान हलवली. "उद्या येऊ," तो म्हणाला. "शेत काय तुजं नाय, तिचं हाय."

आणि वाडी आली. अमावास्येच्या दिवशी, ओहोटी लागताच, प्रत्येक घरातून एक माणूस टोपली घेऊन आला. मेढी ठोकल्या, पेंढा दाबला, चिखलाच्या टोपल्या हातोहात पुढे सरकू लागल्या. सुंदराबाईसुद्धा रांगेत होती, आणि तिच्याकडची टोपली कोंडाजीच्या हातात येत होती. मुरादने होडी काठाला लावली आणि दगड उतरवून दिले. "साखळीवाले, माणसांची साखळी बरी की लोखंडाची?" त्याने विचारले, आणि एक-दोघे हसले. खांड गुडघ्याइतकी भरून आली. भरतीला अजून अवकाश होता. सोनाबाईने त्या दिवसांत प्रथमच मान वर करून शेताकडे बघितले.

तेव्हा खाडीच्या पलीकडून हाक आली.

अंतरामुळे ती बारीक होती, पण अंक सुटे होते आणि शेवटचा लांबवलेला होता. पलीकडच्या काठावर, झुडपांच्या पुढे, माणसे हलत होती. एकाच्या हातात लाल झेंडी होती. एक तिपाई उभी होती. ती कुणाची, कशासाठी, हे या काठावर कुणालाच माहीत नव्हते. नदीचीही मोजणी असेल, रस्त्याचीही असेल. टोपल्या जिथल्या तिथे थांबल्या.

पुन्हा हाक आली. त्या काठावर वारा उलटा होता. मागे बसलेल्या मोजणीदाराला ती ऐकू गेली नसावी, कारण आकडा परत आला नाही. जागा रिकामी राहिली. ज्याने उभ्या आयुष्यात अशी रिकामी जागा ऐकली आहे त्यालाच ती तशी टोचते. हातात चिखलाची टोपली धरलेल्या कोंडाजीने, आपण काय करतो आहोत हे कळायच्या आत, तो आकडा स्वच्छ, लांबवून, पाण्यावर परत टाकला.

पलीकडच्या माणसाने हात वर केला आणि साखळी उचलली.

बांधावर कुणी शिवी दिली नाही. भिकाजीने हातातली टोपली खाली ठेवली, अगदी हळू, आत अंडी असल्यासारखी. सुंदराबाईने ओचा झटकला. मग एकेक करून सगळे बांधावरून उतरले आणि आपापल्या पट्टीच्या कडेने वाडीकडे गेले. मुराद होडीत उभा राहिला. "कोंडाजीभाई," तो एवढेच म्हणाला, "हे काय केलंत?" आणि तोही वल्हे मारत निघाला, कारण पाणी फिरले होते.

दोघांनी अंधार पडेपर्यंत टोपल्या टाकल्या. उधाणाने अर्धवट भरलेली खांड मेढींसकट नेली.

सकाळी सोनाबाईच्या शेतात पाणी होते; आडबांधांमुळे शेजारच्या पट्ट्या वाचल्या. वालाचे शेंडे वर दिसत होते, तेही पुढच्या भरतीला बुडाले. काही दिवसांत आतल्या वाफ्यांचे बांध विरघळले आणि ओहोटीला सोनाबाईच्या शेताच्या जागी चिखल उघडा पडू लागला, बाहेरच्या चिखलासारखाच. मग कुरव आत आले. अंगणापासून चार पावलांवर, जिथे भात उभे राहत होते तिथे, ते वाऱ्याकडे तोंड करून उभे राहिले.

कोंडाजी ओटीवर पाठ करून बसला होता. कापड्याला परत जायचे म्हणून त्याने वळकटी बांधली होती. सोनाबाईने ती बघितली होती. ती अंगणाच्या कडेला उभी राहून शेताकडे बघत होती.

"दादा," ती म्हणाली, "एकाच्या पायात हाय."

तो वळला नाही.

"एवडा जवळ हाय की बिनदुर्बिनीचा दिसंल. वाच."

"नको गो."

"वाच म्हनते ना. आता काय जायाचं ऱ्हायलंय?"

तो उठला, अंगणाच्या कडेपर्यंत गेला. पक्ष्याने पाय बदलला. कडे पाण्याने धुतलेले होते. कोंडाजीने एकेक अंक सुटा केला आणि हलक्या आवाजात, शेवटचा अंक न लांबवता, नंबर म्हटला. मग सवयीने थांबला.

शेजारच्या अंगणात कुणीतरी दार लावून घेतले. सोनाबाई पाण्याकडे बघत राहिली, आणि मग तिने, अंक न चुकता, तो नंबर परत म्हटला.

पलीकडच्या काठावर लाल झेंडी अमावास्येच्या दिवसापेक्षा खाडीच्या खालच्या अंगाला, समुद्राकडे, रोवलेली होती; मोजणी त्याच काठाने पुढे सरकत होती.