मागच्या इमारतीचे बंद वर्ग

डोलवीच्या कंपनीत मी बरीच वर्षं मेंटेनन्सला होतो. बायको गेली आणि शिफ्टची नोकरी नकोशी वाटायला लागली. पाळी संपवून घरी यायचं, कुलूप आपणच उघडायचं, सकाळी ठेवलेला कप तिथल्या तिथेच. मुलगा पुण्याला, त्याच्या संसारात. तेवढ्यात कोणीतरी सांगितलं की एका शिक्षण संस्थेला शाळांच्या इमारती सांभाळायला माणूस हवाय. एक शाळा पेणला, एक रोह्याला. मनात म्हटलं, पोरांच्या गलक्यात दिवस तरी जाईल.

तसं काही झालं नाही. शाळेच्या इमारतीचं काम शाळा नसताना करावं लागतं. मे महिना, गणपतीची, दिवाळीची सुट्टी, नाहीतर रविवार. पोरं गेटातून आत येतात तेव्हा मी लोखंडी शिडीसकट बाहेर पडत असतो. गच्चीवरची पानं काढायची, पन्हळी मोकळ्या करायच्या, टाक्या धुवायच्या, कठड्याच्या भेगेत पिंपळ रुजला असेल तर मुळासकट उपटायचा. पंख्यांचे हुक तपासायचे, बाकांचे नट आवळायचे, सुटलेल्या वायरी बंद करायच्या. सगळं नीट केलं की पुढे काहीच होत नाही, आणि काही झालं नाही तर कोणाच्या लक्षातही येत नाही. कंपनीत मशीन सुरू झालं की चार जण पाठ थोपटायचे. इथे रिकाम्या वर्गात फळ्यावर परीक्षेच्या शेवटच्या दिवसाची तारीख तशीच राहिलेली असायची, आणि मी.

राहायला पेणला होतो, एका गणपतीच्या कारखान्याच्या वरच्या खोलीत. रोह्याला जायचं तर सकाळची गाडी पकडायची. निडी स्टेशन मागे पडेपर्यंत डबा निम्मा रिकामा झालेला असे. मग मी पाय पसरून बसायचो आणि आज काय काय बघायचं ते मनात घोळवायचो. बोलायला कोणी नसलं की माणूस कामाशीच बोलतो.

रोह्याच्या शाळेला मागे एक जुनी दुमजली इमारत आहे. वरच्या मजल्यावर नववीचे तीन वर्ग. एका मे महिन्यात मी तिथे छत ठोकून बघत होतो. लाकडी हातोडीने हळूहळू ठोकत जायचं. छत चांगलं असलं की आवाज भरीव येतो. खिडकीकडच्या बाजूला आलो आणि आवाज बदलला. शाळेच्या शिपाई मावशी खाली शिडी धरून उभ्या होत्या. त्यांनाही कळलं.

"काका, हितं बद्द वाजतंय."

"व्हय, तेच बघतोय."

"आनि त्या कोपऱ्याला बगा. थितं पान्याचा डाग हाय, दर साली मोठा व्हतो."

तिन्ही वर्ग ठोकून झाले. तिन्हींत खिडकीची बाजू तशीच. गच्चीचं पाणी मुरत मुरत आत गेलेलं, सळया गंजलेल्या. गंज फुगतो आणि खालचं काँक्रीट सुटं करतो. मी खाली उतरलो आणि मुख्याध्यापिका बाईंच्या ऑफिसात गेलो. बाई कडक म्हणून प्रसिद्ध होत्या. निवृत्तीला एकच वर्ष उरलं होतं. सुट्टीतही रोज येऊन बसायच्या, तेही पूर्ण वेळ.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "पडेल?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे काय?"

"पडेलच असं नाही. पण पडणार नाही असंही मी म्हणू शकत नाही."

"अहो, जूनला नववीच्या तिन्ही तुकड्या मी बसवू कुठे? माझ्या डोक्यावर?"

मी म्हटलं, "इंजिनियरला दाखवू या." पनवेलहून इंजिनियर आला, यंत्र लावून बघून गेला. दुरुस्ती करावीच लागेल, म्हणाला. पण एखादा पावसाळा निघेलही, तुमचं तुम्ही ठरवा. संस्थेला हे सोयीचं वाटलं. दिवाळीच्या सुट्टीत काम काढू, तोवर वर्ग चालू द्या, असा निरोप आला. तो निरोप बाईंनी मला उभं ठेवूनच वाचून दाखवला आणि विचारलं, "तुमचा मुलगा नववीत असता तर बसवला असतात तिथे?"

"नसता बसवला."

"मग कुलपं लावा," त्या म्हणाल्या. त्या माझ्यावर खूश होत्या असं नाही. आवाजावरून तर वाटलं, छत मीच बिघडवलंय.

जून सुरू झाला. बंद वर्गांवर लक्ष ठेवायला मी आता शाळेच्या दिवशीही रोह्याला जायचो. एक तुकडी हॉलमध्ये, एक प्रयोगशाळेत आणि एक खालच्या व्हरांड्यात. व्हरांड्यातल्या पोरांच्या वह्यांवर पावसाचे शिंतोडे उडायचे. हॉलमध्ये गणिताचा तास चालू असताना शेजारच्या वर्गातली कविता ऐकू यायची. शिक्षकांचे घसे बसले. एक पालक मला गेटाजवळ गाठून म्हणाले, "इतकी वर्सं काय झालं नाय, तुम्ही आलात आनि लगेच छप्पर पडाया लागलं?" मी शिक्षकांच्या खोलीत गेलो की बोलणं थांबायचं. सुरुवातीला तिथे मला चहा मिळायचा. तो बंद झाला, म्हणजे कोणी बंद केला असं नाही, पण माझ्यापर्यंत पोचेनासा झाला. मी डबा घेऊन गच्चीच्या जिन्यात बसायला लागलो. तिथून कुंडलिका नदीचं गढूळ पाणी दिसायचं. जेवताना कधीकधी वाटायचं की आपलंच चुकलं असेल. इंजिनियरच म्हणाला होता ना, निघेल पावसाळा. एक माणूस हातोडी ठोकून सांगतो आणि तीन तुकड्यांची पोरं वर्गाबाहेर बसतात. मी तरी कशाच्या जोरावर इतकी खात्री धरून बसलो होतो? घरी हे सांगायला कोणी नव्हतं. फोनवर मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, "बाबा, सोडून द्या ना ती नोकरी, इकडे या." त्याचं प्रेम कळत होतं, पण माझ्या मनातल्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं.

ऑगस्टमध्ये पाऊस लागून राहिला होता. एका दुपारी बाईंनी मला वर बोलावलं. दुरुस्तीच्या वेळी टेकू कुठे उभे करणार, सामान कुठून न्यायचं, हे त्यांना बघायचं होतं. आम्ही बंद वर्गांसमोरून चाललो होतो. मधल्या वर्गातून आवाज आला. फार मोठा नव्हता. कोणी रेतीचं पोतं ओतावं तसा. आम्ही दोघेही थांबलो. मी कुलूप काढलं.

खिडकीजवळच्या शेवटच्या दोन बाकांवर छताची खपली पडली होती, दरवाज्याएवढी. एका बाकाची फळी मधोमध मोडली होती. वर गंजलेल्या सळया उघड्या पडल्या होत्या आणि धूळ हळूहळू खाली बसत होती. खाली हॉलमध्ये तास चालूच होता. सायकल स्टँडच्या पत्र्यावर पाऊस इतका वाजत होता की कोणाला काही कळलं नाही.

बाईंनी चौकट धरली. मग तिथेच, वरच्या व्हरांड्यातल्या ओल्या फरशीवर बसल्या. त्यांना असं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मी पाण्याची बाटली पुढे केली, ती त्यांनी नुसती हातात धरून ठेवली.

शेवटी म्हणाल्या, "हे खाली सांगू नका."

"का?"

"उद्या निम्मी पोरं घरी बसतील. मुलींना तर परत पाठवायचेच नाहीत काही जण. बाकीची इमारत कशी आहे?"

"प्रत्येक वर्ग ठोकून बघितलाय. चांगली आहे. उद्या परत बघतो."

"मग संस्थेला मी आत्ताच फोन करते. दुसऱ्या कोणाला नको."

मला सांगायचं होतं. खरं सांगतो, मला फार सांगायचं होतं. त्या पालकाला हात धरून वर आणावं, शिक्षकांच्या खोलीत जाऊन म्हणावं, या, बघा. आयुष्यात एकदा तरी, जे झालं नाही ते लोकांना दाखवता आलं असतं. पण बाईंचं म्हणणं मला पटत होतं. मी "बरं" म्हणालो.

शिपाई मावशी त्या दिवशी रजेवर होत्या. मी झाडू आणि रिकामी पोती आणली. मी पडलेलं डबर भरत होतो आणि बाई पोत्याचं तोंड उघडं धरून उभ्या होत्या. साडीला पांढरी धूळ लागली होती.

दुरुस्ती दिवाळीची वाट न बघता सुरू झाली. बांबूची परांची लागली, टेकू लागले. सगळ्यांना वाटलं, बाईंनी संस्थेकडे भांडून काम लवकर मिळवलं. शिक्षकांनी त्यांचं कौतुक केलं तेव्हा मी तिथेच होतो. बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि मग खिडकीबाहेर बघितलं.

त्यानंतर मात्र त्या दुपारी मागच्या इमारतीत यायला लागल्या. काम बघायला, असं म्हणायच्या. दोन कप चहा मावशींकडून आधीच वर पाठवलेला असायचा. बाईंनी लग्न केलं नव्हतं. भावंडांची शिक्षणं केली, आईवडिलांचं केलं, आणि आता त्या एकट्याच राहत होत्या. एकदा विचारलं, "सुट्टीच्या दिवशी तुम्ही काय करता?"

"तुमच्या शाळेत येतो."

त्या हसल्या. "मीही तेच करते. पण मला आता ते करता येणार नाही."

दिवाळीनंतर नववीच्या तुकड्या आपापल्या वर्गांत गेल्या. पोरांनी आठवड्याभरात नव्याने रंगवलेल्या भिंतींवर नावं कोरली. उन्हाळ्यात बाई निवृत्त झाल्या. हॉलमध्ये समारंभ झाला, निकालांबद्दल, शिस्तीबद्दल भाषणं झाली. बंद वर्गांचा विषय निघालाच तर "त्या एका गैरसोयीच्या वर्षातही" एवढाच निघाला. मी मागच्या दारात उभा होतो. बोलताना बाई एकदा अडखळल्या, आणि मग शिक्षकांचे आभार मानून खाली बसल्या. जाताना मला म्हणाल्या, "तुमचं नाव घ्यायचं मनात होतं. पण मग का ते सांगावं लागलं असतं."

"असू द्या," मी म्हणालो.

त्या नाशिकला भाचीकडे गेल्या. पुढच्या पावसाळ्यात त्यांचा एकदा फोन आला. गच्ची गळते का, विचारलं. नाही, म्हटलं. त्या म्हणाल्या, "इथे सगळे चांगले आहेत हो. पण सकाळी कामाला जातात." मी म्हटलं, "हो ना."

छताची खपली पडली त्या दुपारबद्दल आता बोलायला माझ्याजवळ तेवढा एक नंबर आहे. फोन करावा असं पुष्कळदा मनात येतं. पण काय सांगणार? छत ठणठणीत आहे, पन्हळी मोकळ्या आहेत, नववीचे वर्ग रोज भरतात. काही बिघडलं असतं तर निदान फोन करायला कारण मिळालं असतं.

गेल्या महिन्यात रोह्याला एक नव्या शिक्षिका आल्यात. मला जिन्यात बघून त्यांनी विचारलं, "काका, ही मागची इमारत नवीन बांधलीय का?"

"नाही," मी म्हटलं, "जुनीच आहे." त्यांना तासाची घाई होती. त्या वर गेल्या आणि मी खाली उतरून स्टेशनची वाट धरली.