बापाशी बोलताना

कटंगीच्या बसस्थानकावर मला निरोप देताना आईने बालाघाटची बस अडवली होती. दारात उभ्या असलेल्या माझ्या डोक्यावर हात ठेवून तिने भर गर्दीत डोळे मिटले आणि मोठ्याने म्हणाली, "येशूबापा, माह्या पोराले तुह्या हाती देऊन राह्यली. तिथं त्याचं कोणी नाही. तू लक्ष ठेवजो." कंडक्टर ओरडला, "अम्मा, भगवान को बाद में बता देना!" सगळी बस हसली. मी लाजेने चपलांकडे पाहत राहिलो.

गावच्या ख्रिस्ती मंडळीतील बंधुभगिनींनो, आणि माझ्याप्रमाणेच गाव सोडून गेलेल्यांनो, आज मी बालाघाटात नामांकित अर्जनवीस आहे, हे आपणांस विदित आहेच. शिक्षण आठवीपर्यंतच, परंतु कचेरीबाहेरच्या माझ्या टेबलापाशी पदवीधरही मजकूर विचारण्यास उभे राहतात. कोणत्या साहेबास 'महोदय' लिहावे, कोणास 'श्रीमान', कागद एका टेबलावरून वरच्या टेबलावर कसा चढवावा, हे मजइतके कोणास ठाऊक? परमेश्वर तर साऱ्या साहेबांहून थोर! म्हणून प्रार्थनाही मी त्याच इतमामाने करू लागलो.

गेल्या आठवड्यात माझी मुलगी एस्तेर तापाने सरकारी इस्पितळात पडली. पोर डोळे उघडेना. "आता फक्त वाट पाहा," डॉक्टर म्हणाले. खाटेपाशी उभा राहून मी प्रारंभ केला, "हे सर्वसत्ताधीशा, आकाश व पृथ्वीच्या निर्मात्या, प्रस्तुत सेवक अत्यंत नम्रतापूर्वक निवेदन करितो की..." आणि पुढे शब्दच फुटेना! आयुष्यात प्रथमच माझा मजकूर अडला.

मागे आई उभी होती. निरोप मिळताच हाती डबा घेऊन ती गावाहून निघून आली होती.

"काहून रे बाबू? बापाशी बोलून राह्यला का कलेक्टरशी?"

मला हुंदका फुटला. एवढेच बोललो, "बापा, पोरगी तुहीच हाय. पाह्य ना तिच्याकडे."

मंडळी, दुपार कलण्याआधी तिला घाम सुटला! डोळे उघडून म्हणाली, "दादी, भूख लगी है."

"हौ माय, भात आणला ना तुह्यासाठी," म्हणत आईने डबा उघडला.

ज्याने बैहरचे डोंगर उभे केले, वैनगंगेला वाट दिली, तो त्या लोखंडी खाटेपाशी आला होता! मध्ये ना कारकून, ना शिपाई. केवढे ते वैभव, आणि केवढी ही जवळीक!

काल आईला कटंगीच्या बसमध्ये बसवले. या खेपेस बस मी अडवली. खिडकीतून तिचा हात धरून भर स्थानकात मोठ्याने म्हणालो, "बापा, माह्या मायले नीट पोचव."

"चाचा, हो गया क्या?" कंडक्टर खेकसला.

"थांब बे, आमेन राह्यलं हाय!"

ते आईने म्हटले, साऱ्या बसला ऐकू जाईल असे.

पूर्वी घर म्हटले की कटंगीकडची वाट आठवे. आता जिथे उभा राहून त्याला 'बापा' म्हणून हाक मारतो, तिथे मी घरीच असतो. काल बसच्या धुरातही होतो.