दाजींचं एकुलतं सुवर्णपदक

मार खाण्याची एवढी हौस असलेला माणूस मी जन्मात दुसरा पाहिला नाही, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीच्या पदरात पडावा, हे आमच्या घराण्याचं नशीब. दाजी बॉक्सर. चाळिशी ओलांडली, पुढचे दात गेले, नाक कायमचं डावीकडे वळलं, तरी जिल्ह्याच्या स्पर्धेत ते दरवर्षी उतरायचेच. वयाची अट होती, पण ती कागदावर. सर्वांत जड वजनाच्या गटात फारसं कुणी यायचंच नाही, त्यामुळे आयोजकांना दाजी हवेच असत. वजनाच्या दिवशी बाकीचे खेळाडू पाण्याला शिवायचे नाहीत. दाजी मात्र डझनभर केळी आणि तांब्याभर पाणी पोटात ढकलून काट्यावर चढायचे, कारण त्या गटाला त्यांचं वजन जरा कमीच पडायचं. एखादी लढत झाली की गडी थेट फायनलला, आणि तिथे न चुकता हार. "हरलो खरा, पण पडलो का?" हे घरी आल्यावरचं ठरलेलं वाक्य, सुजलेल्या ओठांतून अर्धंच ऐकू येणारं.

जेसल पार्कातल्या त्यांच्या गॅलरीत हाताला गुंडाळायच्या लांबच लांब पट्ट्या वाळत असायच्या. "भाभी, घर में किसको लगा है?" असं शेजारीण कळवळून विचारी आणि ताईला मेल्याहून मेल्यासारखं होई. खरं म्हणजे लाज आम्हा सगळ्यांनाच वाटायची. भाचीच्या कॉलेजातल्या मैत्रिणी आल्या, तेव्हा काळ्यानिळ्या डोळ्याचे दाजी स्वतः सरबताचा ट्रे घेऊन बाहेर आले. पोरीनं कितीतरी दिवस अबोला धरला. शेवटी ताईनं अन्नपाणी सोडायची धमकी दिली, तेव्हा दाजी कबूल झाले, की एक फायनल जिंकू दे, मग ग्लोव्हज कायमचे ठेवतो. तेव्हापासून आम्ही देव पाण्यात घालून बसलो.

त्या वर्षीची फायनल मीरा रोडला होती. समोर उत्तनचा एक तगडा तरुण, ज्याला पहिला ठोसा दाजींनीच शिकवलेला. घंटा होण्याआधी त्यानं भर रिंगमध्ये वाकून दाजींच्या पायांना हात लावला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण ज्याच्या आत्ताच पाया पडलो, त्याला ठोसा कसा मारायचा? त्याचे हात दाजींच्या तोंडापर्यंत यायचे आणि तिथेच मवाळ व्हायचे. आम्हाला तेव्हा यातलं काही कळलं नाही. दाजी गुणांवर जिंकले, ताई रडली, भाचीनं कॅमेऱ्याच्या नव्या मोबाईलवर बापाचा फोटो काढला आणि मी पेढे आणायला धावलो.

परत आलो, तर दाजी त्या तरुणाला बाजूला घेऊन विचारत होते, "मारलं का नाहीस?"

तो खाली बघत म्हणाला, "सर, बापासारखे हाय तुमी. हात उठलाच न्हाय."

दाजींनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. रिक्षात माझ्या शेजारी बसल्यावर हळूच म्हणाले, "इतकी वर्षं मार खाल्ला, कधी लाज नाही वाटली. आज वाटतेय. तुझ्या ताईला सांगू नकोस."

दाजींनी शब्द पाळला, पुन्हा रिंगमध्ये उतरले नाहीत. ताई ते पदक पुसून बाकीच्या रौप्यपदकांच्या पुढे ठेवते, आल्यागेल्याला दाखवते. तेवढा वेळ दाजी आतल्या खोलीत जाऊन बसतात. "बघ," ताई मला कौतुकानं म्हणते, "एवढं जिंकले, तरी किती साधे आहेत." मी हो म्हणतो. तिच्या तोंडाकडे मात्र मला बघवत नाही.