गोणीतला मणी

मुलगा परदेशी गेल्यापासून घरात बोलायला कुणी नाही, म्हणून संध्याकाळी मी गॅलरीत बसते. समोर काजूचा कारखाना आहे. काम सुटलं की बायका नळावर राखेने हात घासतात, तरी काजूच्या तेलाचे काळे डाग जात नाहीत.

काल त्यांतली सुमती, माझी शेजारीण, वर आली आणि तिने मूठ उघडली. आत निळा काचेचा मणी होता.

"आफ्रिकेच्या गोणीत गावलो. ती बाय अजून सोधीत असतली."

कारखान्यात काजूच्या बिया आफ्रिकेतूनही येतात; तिथे त्या वेचताना कुणाची तरी माळ तुटली असेल. त्याच बिया इथे सुमती फोडते आणि गर तिसऱ्याच देशात जातो. जग जवळ आलं म्हणतात. माल जवळ आला खरा. भाव ठरवणारे एकमेकांना नावाने ओळखत असतील. या दोघींना एकमेकींचा चेहराही ठाऊक नाही. मग दोघींनी मिळून काही मागायचं तरी कसं?

आज सुमती कामावर निघाली, तेव्हा तिच्या गळ्यातल्या काळ्या मण्यांत तो निळा ओवलेला दिसला. मी वरूनच विचारलं, "हे काय गं?"

ती म्हणाली, "हरवलो तर तिका काय सांगू?"