टिक नसलेले दोन आकडे

गुरुवार, १९ नोव्हेंबर १९८७, दुपारी चारच्या पुढे. माल – बिडाचे व्हॉल्व्ह, एकशे चोवीस पेट्या. पेट्यांसकट वजन, म्हणजे ग्रॉस, अठरा हजार चारशे साठ किलो. पेट्यांशिवाय, म्हणजे नेट, सतरा हजार दोनशे वीस. खोलीत दोघेच होतो – मी आणि शीला गजभिये. तिथे काय झालं ते तिने एकदा सांगितलं, आणि कुणी मानलं नाही. मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

आधी माझं काम सांगतो. उगाच लांबण लावतोय असं वाटेल – लावतोच आहे.

सीताबर्डीवरच्या आमच्या ऑफिसात मी बावीस वर्षं निर्यातीचे कागद करत होतो. बिल, पेट्यांची यादी, माल कुठला त्याचा दाखला, विमा, जहाजाचे कागद – एका मालामागे सत्तावीस प्रती. आणि आमच्याकडे एक रीत होती. वाचून घेतल्याशिवाय कागद बाहेर जायचा नाही. एकाने आकडा मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने आपल्या प्रतीवर बोट ठेवून ‘बरोबर’ म्हणायचं, हिरव्या पेन्सिलीने टिक मारायची आणि शेवटी समासात सही करायची. चूक निघाली तर सही बघायची. बावीस वर्षांत माझ्या सहीखाली एक आकडा चुकलेला नाही. हे मी फुशारकीने लिहीत नाही. हे लक्षात ठेवा, एवढंच.

मग ती नवी योजना आली. बऱ्याच देशांनी मिळून ठरवलं होतं म्हणे, की मालाचे कागद पाठवायचेच नाहीत. सगळ्यांनी एकच नमुना मानायचा, कोणत्या रकान्यात काय ते एकदाच ठरवायचं, आणि इथल्या कॉम्प्युटरवरून आकडे तारेने थेट तिथल्या कस्टमकडे. आमचं जर्मनीतलं गिऱ्हाईक त्यात होतं, म्हणून आम्हीही. तिथून एक गृहस्थ नागपूरला आले. माझ्या टेबलावरचा गठ्ठा बघून त्यांनी विचारलं, किती प्रती? मी सांगितलं, सत्तावीस. ते हसले. साहेबांशी काहीतरी बोलले, साहेबही हसले आणि मला म्हणाले, “ते विचारून राहिले, यातल्या किती कोणी वाचतं?”

मी विचारलं – त्या मशीनमध्ये सही कुठे असते? चूक झाली तर धरायचं कोणाला?

उत्तर आलं की सही लागतच नाही.

मला तो माणूस आवडला नाही. त्याचा तो पांढरा, इस्त्रीचा शर्ट आवडला नाही. माझ्या सत्तावीस प्रतींना रद्दी समजणारी ती सगळी देशोदेशीची मंडळी मला आवडली नाहीत, आणि आजही आवडत नाहीत. त्याबद्दल मी माफी मागत नाही. माझा गुन्हा तो नाही.

मशीनवर शीलाला बसवलं. तेवीस वर्षांची, पाचपावलीची, बौद्ध घरातली. वडिलांची गिरणी बंद पडलेली, धाकटी दोघं शिकत होती. साडेसातशे पगार, त्यात चौघं. हे मला माहीत होतं – डबा खाताना तिनेच सांगितलं होतं. मला काकाजी म्हणायची. एकदा टेबलापाशी येऊन म्हणाली, “काकाजी, तुमची पेन्सिल माह्या मशीनले भेऊन राहिली वाटते.” थट्टाच होती. ऑफिस हसलं. मी हसलो नाही.

तीन माल चाचणीचे ठरले होते. दोन बिनचूक गेले. तिसराही तसाच गेला, तर एप्रिलपासून माझं टेबल बंद. साहेब म्हणाले होते, तुम्हाला हिंगण्याच्या गोदामात सामावून घेऊ. गोदामात – खिळे मोजायला?

तिसरा माल म्हणजे वर सांगितला तो.

आमच्या कागदांवर आधी ग्रॉस आणि मग नेट. आयुष्यभर तसंच. त्या देशांच्या नमुन्यात उलटं – आधी नेट, मग ग्रॉस. पहिल्या दोन वेळी तिने सांभाळून घेतलं होतं. त्या दिवशी मुंबईची लाइन दोनदा तुटली, सगळं तीनदा भरावं लागलं. तिसऱ्यांदा हात सवयीने चालला. चूक तिची होती, हे खरं आहे. पण असल्या चुका असतात म्हणूनच तर वाचून घ्यायची रीत असते – नाही का?

ती पडद्यावरून वाचत होती. माझं बोट कागदावर होतं. पेट्या एकशे चोवीस – बरोबर. जहाजाचं नाव – बरोबर. मग ती म्हणाली, “नेट, अठरा हजार चारशे साठ.”

माझं बोट सतरा हजार दोनशे वीसवर होतं.

किती वेळ गेला? एक श्वास, दोन? पेटीसकट माल हलका आणि पेटीशिवाय जड – शाळकरी पोरही हसेल. ती हसली नाही, कारण ती मशीनकडे बघत होती आणि कान माझ्याकडे होता. मी म्हणालो, “बरोबर.” पुढचा ग्रॉसही तिने वाचला, तोही उलटा. मी पुन्हा म्हणालो, “बरोबर.”

तिने बटण दाबलं.

एक गोष्ट सांगायलाच हवी. तोंड खोटं बोललं, पण हात बोलला नाही. त्या प्रतीवर सगळ्या आकड्यांना हिरवी टिक आहे. या दोघांना नाही, आणि समासात माझी सहीही नाही. पेन्सिल उचललेलीच राहिली. ती प्रत अजून फायलीत आहे. कुणी उघडून बघितली नाही.

माल तिकडे पोचला तेव्हा तारेतलं वजन वेगळं, चाचणीपुरते मागून पाठवलेल्या कागदांतलं वेगळं. कस्टमने अकरा दिवस अडवून ठेवला. चाचणी तिथेच संपली. जर्मनीच्या पत्रात चार ओळी होत्या आणि साहेबांचं तोंड काळं पडलं होतं.

१८ जानेवारीला आम्हा दोघांना आत बोलावलं. साहेबांनी तिला विचारलं, “वाचून घेतलं नव्हतं का?” ती म्हणाली, काकाजींनीच घेतलं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, मी कागद धरून होतो, तिने काय भरलं ते मला कसं दिसणार? सही बघा ना कुठे असेल तर.

सही नव्हतीच. त्या मशीनला समासच नव्हता. सही नसते, धरायचं कोणाला – असं पाहुण्यासमोर विचारणारा मीच होतो. आणि त्याच फटीतून मी निसटलो.

शीला ओरडली नाही, रडलीही नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, “काकाजी, तुम्ही बरोबर म्हटलं. दोनदा. मले ऐकू आलं.” मी साहेबांच्या टेबलावरच्या काचेकडे बघत राहिलो. “काहून करून राहिले असं?” ती म्हणाली.

साहेबांनी माझं लगेच मानलं. बावीस वर्षांची नोकरी म्हणून? मी महाल वस्तीत राहतो, माझं आडनाव त्यांच्या ओळखीतलं आणि तिचं नाही – म्हणून? दुसऱ्या कारणाचा माझ्या वागण्याशी संबंध नव्हता, असं लिहायला हात उचलला होता. लिहीत नाही. साहेब मानतील हे मला आत जाण्याआधीच माहीत होतं. का माहीत होतं?

तिला त्याच दिवशी काढलं. पुढे तिने दोन ठिकाणी अर्ज केले. दोन्हीकडून आमच्याकडे विचारणा आली, आणि उत्तर टाइप करायला माझ्याकडे आलं. साहेबांनी सांगितलं तेच मी टाइप केलं. शब्द गाळला नाही, घातला नाही. तिसरी विचारणा आली नाही. ती कुठे आहे ते मला माहीत नाही, आणि या दोन वर्षांत मी पाचपावलीला गेलो नाही. महालातून सायकलने वीस मिनिटं लागतात.

माझं टेबल आहे तिथेच आहे. सत्तावीस प्रतीही आहेत.

तिचा हिशेब मीच केला होता. जानेवारीचे अठरा दिवस, दिवसाला पंचवीस रुपये, एकूण चारशे पन्नास. रोख, शीला गजभिये यांना. तिने न मोजता घेतले आणि व्हाउचरवर सही केली. शेजारी समासात पडताळणाऱ्याची सही माझी आहे. आणि चारशे पन्नासवर हिरवी टिक आहे.